दोन हलक्या नळ्या

ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात कुणी मराठीत हाक मारली की माणसाला बरं वाटायला हवं. त्या दिवशी मला वाटलं नाही. दुपारच्या नमाजानंतर दुकान नुकतंच उघडलं होतं. मी लेथवर खंजिराच्या मुठीसाठी पितळी कडी कातत होतो, आणि मागून आवाज आला, "काय म्हणता, कोकणातले ना तुम्ही?"

वळून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्मा अडकवलेला, हातात एक लांब काळं खोकं. मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? चेहऱ्यावर असतं," तो हसून म्हणाला.

चेहऱ्यावर काही नव्हतं. शेजारच्या खजूरवाल्याकडे बसून त्याने आमच्या दुकानातल्या प्रत्येकाची चौकशी केली होती, कोण कुठला, किती वर्षं आहे, अर्बाब म्हणजे आमचा मालक कुणाचं ऐकतो. हे मला संध्याकाळी त्या खजूरवाल्यानेच सांगितलं. पण संशय त्याआधीच येऊन बसला होता, आणि त्याला कारण द्यायला मला त्या वेळी काही सुचलं नसतं.

आमचं दुकान म्हणजे किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीतलं जुन्या हत्यारांच्या दुरुस्तीचं दुकान. पुढे विक्री, मागे कारखाना. खंजिरांची म्यानं, चांदीचे पट्टे, तलवारी, आणि ठासणीच्या बंदुका. इथे लग्नात, ईदला पुरुष ओळीने उभे राहून गातात, तलवारी उडवतात आणि बंदुकीचे बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू. त्यासाठी पूर्वीच्या लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका लागतात, ज्यांना जळती वात टेकवून बार उडवायचा. परवान्यांची कागदपत्रं अर्बाब स्वतः बघायचा. दुरुस्तीचं लोखंडाचं काम माझं, लाकडाचं माझ्याबरोबरच्या सुताराचं. तो कुडाळकडचा. माझ्याआधी तीन वर्षं तो तिथे होता. मी आधी खाबुऱ्याला शेतीच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथून अर्बाबने मला आणलं.

ठासणीची बंदूक मला नवीन नव्हती. राजापूरकडे आमच्या आजोळी मामाकडे लायसनची बंदूक होती, रानडुकरांसाठी. नळीला मागच्या बाजूला बारीक चीर गेली, तेव्हा मामाने ती एका फिरत्या कारागिराकडून जोडून घेतली. त्याने वर अशी पॉलिश मारली की चीर कुठे होती ते सापडेना. मामा खूश. पुढच्या भातकापणीच्या वेळी ती त्याच्या हातात फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा आठवीत होतो. मामाने त्या कारागिराला कधी शिव्या दिल्या नाहीत, तो म्हणायचा, माझीच चूक, मी चकाकी बघितली. पुढे आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतला, लोखंडात आयुष्य गेलं, पण चकचकीत लोखंड दिसलं की मी आधी त्याची पाठ बघतो. ही सवय चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर तो माणूस मूळचा पुण्याचा, म्हणून आमच्यात तो पुणेकर. मस्कतला राहायचा, बायको-मुलगी तिथेच, मुलगी इंडियन स्कूलमध्ये. आधी कंपनीत नोकरी होती, ती सोडून आता 'सप्लाय' करायचा. काय सप्लाय करता विचारलं तर म्हणायचा, "जे लागेल ते." त्या दिवशी त्याने काळं खोकं अर्बाबच्या पुढ्यात उघडलं. आत निळ्या मखमलीवर एक बंदूक सुटी करून ठेवली होती. नळी, चापाचा सांगाडा, अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, पितळेच्या पट्ट्या, ठासायचा गज, स्क्रूंची पुडी. किट. जोडायचं, घासायचं, रंगवायचं, झाली बंदूक तयार, अगदी इथल्या जुन्या घाटाची.

अर्बाबचे डोळे लकाकले. कारण उघड होतं. जुन्या बंदुका संपत आल्या होत्या. ज्यांच्या घरात होत्या ते विकत नव्हते, आणि लग्नं काही थांबत नव्हती.

त्याने किट माझ्याकडे सरकवलं. "देखो."

मी पाहिलं. आणि खरं सांगायचं तर माल उत्तम होता. नळी भरीव सळईत भोक पाडून केलेली, भोक सरळ, आतून काचेसारखं. मागचं बूच आटे पुरे बसेपर्यंत हाताला विरोध करत होतं, तसंच पाहिजे. चापाच्या कमानीला बरोबर पाणी दिलेलं, दाबली की जोमाने परत यायची. सुताराने दस्ता हातात फिरवला, नखाने खरवडला, म्हणाला, "अक्रोड आसा. बरो आसा."

"कसा आहे?" पुणेकराने मला मराठीत विचारलं.

"नमुना चांगला आहे," मी म्हणालो.

त्याने 'नमुना' हा शब्द बरोबर ऐकला. म्हणाला, "माल पण असाच येईल, साहेब." आम्ही कामगार माणसं, आम्हाला साहेब कुणी म्हणत नाही.

अर्बाबने सहा किटं सांगितली. मी त्याला म्हटलं, पहिल्यांदा दोनच मागवू या. तो म्हणाला, "तू हर चीज़ में शक करता है." घरी फोनवर हे सगळं बायकोला सांगितलं, तर तीही हसली. "अहो, तुम्हाला भाजीवालीच्या तराजूवर संशय, डॉक्टरच्या सुईवर संशय. तो बिचारा आपल्याकडचा माणूस, पोटासाठी फिरतोय." मी म्हटलं, असेल.

दोन महिन्यांनी सहा किटं आली. मखमल नव्हती. पुठ्ठ्याच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली. पुणेकर स्वतः आला नाही, माल पाठवून दिला. सुताराने पहिलं खोकं फोडलं, दस्ता बाहेर काढला आणि नाकाशी नेला. तो लाकूड नेहमी हुंगूनच घेतो.

"काय रे?" मी विचारलं.

"माका ह्येचो वास बरोबर येणा नाय." मग त्याने बाकीची खोकी फोडून एकेक दस्ता हुंगला. "ह्ये चार अक्रोडाचे. ह्ये दोन कसले तरी पांढऱ्या लाकडाचे, वरसून रंग लावलेलो. बग, नखाक लागता."

खरंच त्याचं नख तपकिरी झालं होतं. दस्त्याचं मला फारसं वाटलं नाही, दस्ता रंगवलेला असला तर माणूस फार तर फसतो, मरत नाही. पण ज्या खोक्यांत पांढरं लाकूड, त्याच खोक्यांतल्या नळ्या मी बाजूला काढल्या. बाहेरून सहाही सारख्या. लांबी मोजली, सारखी. मग एकेक हातात घेऊन बघायला लागलो, आणि बाजूला काढलेल्या त्याच दोन हाताला हलक्या लागल्या. हाताचा काय भरवसा, म्हणून खजूरवाल्याकडून त्याचा काटा मागून आणला. तो म्हणाला, बंदुका किलोने विकायला लागलात की काय. चार नळ्या जवळपास सारख्या भरल्या. दोन पाव किलोच्या आसपास कमी.

त्या दोघींत मी बारीक बॅटरी घालून पाहिलं. एकीत काही दिसलं नाही. दुसरीत एका बाजूने, टोकापासून टोकापर्यंत, केसासारखी एक रेघ चमकून गेली. नळी फिरवली की दिसायची, पुन्हा फिरवली की नाहीशी व्हायची. भरीव सळईत भोक पाडलं तर अशी उभी रेघ येत नाही. पत्रा वळवून जोडला तर येते. पण मला शपथेवर सांगता आलं नसतं. मी त्या दोन नळ्यांच्या खालच्या बाजूला, जिथे दस्त्याच्या आत जाईल तिथे, पंचने एकेक बारीक टिपका मारून ठेवला आणि अर्बाबला सांगितलं.

त्याने बॅटरी घेऊन आत पाहिलं. त्याला रेघ दिसली नाही. "किधर?"

मी फिरवून दाखवली. त्याला एकदा दिसली, पुन्हा नाही. तो वैतागला. "ये तुम इंडियन लोग का आपस का चक्कर तो नहीं?"

पुणेकराला बोलावणं गेलं. तो तीन दिवसांनी आला, येताना मिठाई घेऊन. रेघेबद्दल ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि अर्बाबला म्हणाला, ती आतून घासणाऱ्या हत्याराची खूण आहे, प्रत्येक नळीत असते, कारागिराला विचारा. कारागीर म्हणजे मी. मी म्हणालो, तशी खूण गोल येते, उभी येत नाही. तो अर्बाबकडे बघून हसला, जणू मी काही घरगुती गोष्ट बोललो.

मग त्याने मला चहाला बाहेर नेलं. करक चहा, दोन कप, गल्लीच्या तोंडाशी उभे राहून. बराच वेळ गावाची चौकशी, मुलं काय करतात, बायकोला इथे आणणार का. मी म्हटलं, त्या दोन नळ्या जोडलेल्या आहेत, परत न्या, तर त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाला, "मी सलालाहला छोटं वर्कशॉप टाकतोय. हवा थंड, माडांच्या बागा, अगदी कोकण. मला एक अनुभवी टर्नर लागणार आहे. तुम्ही विचार करा."

मी म्हटलं, "कधी टाकताय?"

"इन्शाल्ला, लवकरच." मग कप खाली ठेवत, "आपण मराठी माणसं, एकमेकांच्या पायात पाय घालायची आपल्याला सवय. ती सोडली पाहिजे."

तोवर मला फक्त नळीवर संशय होता. त्या चहानंतर माणसावर आला.

परत दुकानात गेल्यावर मी अर्बाबला म्हटलं, वाद नको, एक नळी उभी कापून बघू. तो तयार झाला. मी टिपका मारलेली, रेघ दिसलेली नळी पुढे केली. पुणेकर शांतपणे म्हणाला, "ये नहीं, अर्बाब. ये तीन दिन इनके औज़ारों के पास थी. इन्होंने अंदर क्या किया, मैं क्या जानूँ? कोई दूसरी काटो, जो आप बोलो."

बोलणं चुकीचं नव्हतं. तोच तर त्रास होता, तो चुकीचं कधी बोलायचाच नाही. अर्बाब माझ्याकडे बघायला लागला, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदा दिसलं की आता संशय माझ्यावर आहे. तो म्हणाला, "कोई भी एक काटो." पुणेकराने टेबलावरच्या पाच नळ्यांतून एक उचलली, ती ठेवली, दुसरी उचलून अर्बाबच्या हातात दिली. अर्बाबने माझ्या हातात. हातात येताच मला कळलं की ही जड आहे. पण ते बोलायचं कसं? पुन्हा काटा आणा म्हणायचं?

मी ती शिकंज्यात धरून उभी कापली. दोन्ही अर्ध्या टेबलावर ठेवल्या. आतून स्वच्छ, एकसंध, कुठे सांधा नाही, कुठे भेग नाही. एक उत्तम नळी मी स्वतःच्या हाताने वाया घालवली होती.

"खलास," अर्बाब म्हणाला.

पुणेकर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि तो हात मला दिवसभर जाणवत राहिला.

त्यानंतर मला बंदुकांचं काम मिळालं नाही. मी पट्ट्यांची बकलं जोडत बसलो. अर्बाबने उरलेली किटं सुताराला घेऊन स्वतः जोडायला घेतली, त्याला थोडंफार येत होतं. माझ्याशी तो आधीसारखाच बोलायचा, सकाळी सलाम, दुपारी जेवलास का, पण लोखंडाबद्दल काही विचारायचा नाही. मी मनात स्वतःलाच तपासत राहिलो. रेघ खरंच पाहिली होती ना? की मामाच्या बंदुकीतली चीर मी निझव्याच्या नळीत शोधत होतो? पाव किलोचा फरक म्हणजे काही सगळंच नाही. वेगळ्या कारखान्यात वेगळ्या जाडीचं लोखंड वापरतात. पुणेकराचं काहीही वाकडं मी सिद्ध केलेलं नव्हतं. त्याचं मराठी मला आवडलं नव्हतं, इतकंच खरं होतं की काय, असंही वाटायचं.

आमच्याकडे एक म्हातारबाबा यायचे. डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहायचे, गुरुवारी बाजाराला आले की दुकानात बसून काहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, प्यायचे, खजूर खायचे, काहीही विकत घ्यायचे नाहीत. हिंदी त्यांनी बाजारातल्या आम्हा लोकांकडूनच उचलली होती. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं. घरची जुनी बंदूक धाकट्या भावाकडे गेली होती, म्हणून त्यांनी आमच्याकडून नव्यांतली एक घेतली. त्यांच्या नावे परवाना होताच. मी तेव्हा मागे होतो, मला नंतर कळलं.

सुतार जेवताना म्हणाला, "तुझो टिपको असलेली म्हाताऱ्यान न्हेली."

"तुला कसं माहीत?"

"दस्तो मीच बसवलंय. टिपको बगलंय नि गप ऱ्हवलंय." त्याने ताटातला भात चिवडला. "काय सांगतलंय? तुका गप केलानी, माका खंय विचारतत."

"लग्न कधी?"

"उद्या. शुक्रवारी नमाजानंतर बार काढतले."

मी ताट बाजूला सरकवलं. अर्बाबला पुन्हा सांगायचं तर तो म्हणणार, एक नळी कापलीस, आता गिऱ्हाईक पण कापतोस. न सांगता म्हाताऱ्याकडे जायचं, तर नोकरी गेली समज. व्हिसा अर्बाबच्याच हातात. गावाला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी बराच वेळ मोरीत हात धूत उभा राहिलो. सुतार मागे येऊन म्हणाला, "पिकअप माझ्याकडे हा. सकाळी जाव्या."

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. गावात सगळीकडे लग्नाची गडबड, मोठमोठ्या हंड्या चुलीवर, पोरं रस्त्यावर. म्हातारबाबा बागेत फलजच्या पाटाशी चटईवर बसले होते, आणि पुढ्यात तीच बंदूक. तिला तेल लावत होते. आम्हाला पाहून त्यांना वाटलं आम्ही लग्नाला आलो. बसा म्हणाले, काहवा मागवला. मला कुठून सुरुवात करावी कळेना. मी काहवा तसाच ठेवून सगळं सांगून टाकलं. वजन, रेघ, टिपका, कापलेली चांगली नळी, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "बाबा, मेरा गलत भी हो सकता है. एक बार गलत हुआ."

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर नळीवर बोट फिरवलं. "मैं बंदूक खरीदा," ते म्हणाले, "भरोसा नहीं खरीदा. भरोसा बाज़ार में नहीं मिलता." मग उठले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या घरात कुठलीही नवी बंदूक पहिला बार हातातून काढत नसे, हे त्यांनी चालता चालता सांगितलं. माझ्या येण्याशी त्याचा संबंध नव्हता. मी आलो नसतो तरी त्यांनी ते केलंच असतं, फक्त एकदा. आता म्हणाले, दोनदा करू.

बागेच्या टोकाला मातीची जुनी जाड भिंत होती. तिच्यापुढे वठलेलं खजुराचं खोड. मुलांना हाकलून लावलं. बंदूक खोडाला दोरांनी घट्ट बांधली, चापाला लांब दोरी लावली, आणि आम्ही तिघं भिंतीच्या आड बसलो. दोरी त्यांनी ओढली.

बार झाला. खणखणीत, दांडगा बार. डोंगरावरून आवाज परत आला, गावातून कुणीतरी आनंदाने ओरडलं. धूर विरल्यावर आम्ही जाऊन पाहिलं. बंदुकीला काही झालं नव्हतं.

माझे कान तापले. सुतार जमिनीकडे बघत राहिला. मी म्हणालो, "माफ करो, बाबा."

"बैठो," ते म्हणाले. नळी थंड होऊ दिली, पुसली, पुन्हा ठासली. आम्ही पुन्हा भिंतीआड गेलो. या वेळी मी कान झाकले नाहीत.

दुसरा आवाज बाराचा नव्हता. जाड कापड टरकावं तसा होता, मोठा, कोरडा, आणि त्याच्या मागोमाग भिंतीवर पलीकडून काहीतरी सप्पकन आदळलं. आम्ही लगेच उठलो नाही. म्हातारबाबांचे ओठ हलत होते. मग आम्ही गेलो. नळी मागच्या बाजूने हातभर उकलली होती. सरळ, एका रेषेत, जिथे मी ती रेघ पाहिली होती तिथेच. खोडाची साल एका बाजूने सोलून निघाली होती. बंदूक धरल्यावर माणसाचा डावा हात जिथे येतो, बरोबर तिथे.

मी खाली बसलो. मला आनंद झाला नाही. माझं खरं ठरलं हे मनात यायला बराच वेळ लागला. आधी फक्त खोडाची ती सोललेली जागा दिसत होती.

म्हातारबाबांनी ती बंदूक गोणपाटात गुंडाळली. "तुम लोग जाओ," ते म्हणाले. "मैं अर्बाब को बोलूँगा, मैंने फोड़ा. तुम इधर नहीं आया." त्या दुपारी भावाकडची जुनी बंदूक आणून त्यांनी लग्नात बार काढले, असं नंतर ऐकलं.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो तेव्हा ती उकललेली नळी माझ्या टेबलावर होती, दस्त्यातून सुटी केलेली. अर्बाब बाजूला उभा होता. त्याने खालच्या टिपक्यावर बोट ठेवलं.

"ये निशान किसका?"

"मेरा."

"कब का?"

"काटने से पहले का."

तो स्टुलावर बसला. नळी हातात फिरवत म्हणाला, "तू बाबा के घर गया था?"

म्हातारबाबांनी मला झाकलं होतं. खोटं बोललो असतो तर निभावलं असतं. पण त्या नळीसमोर बसून खोटं बोलवेना. "गया था, अर्बाब."

"मेरे को बिना बोले."

"हाँ."

"अगली बार पहले मेरे को बोलना."

बोललो होतो, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. त्यालाही ते ठाऊक होतं, कारण तो माझ्याकडे न बघता उठला आणि शिल्लक नळ्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. टिपक्याची दुसरी मी त्याच्यासमोर कापली. तीही जोडलेली निघाली, रेघ नुसती जास्त घासलेली होती, म्हणून मला दिसली नव्हती.

पुणेकर त्याच आठवड्यात आला. बोलावल्याबरोबर आला, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. उकललेली नळी पाहून त्याचा चेहरा खरंच उतरला. खुर्चीवर बसला, पाणी मागितलं. म्हणाला, पहिल्या कारागिराकडून चारच वेळेत मिळाली, ऑर्डर सहाची होती, म्हणून दोन दुसरीकडून घेतली. दुसऱ्यानेही तसंच बनवतो म्हणून सांगितलं होतं. "मैंने काग़ज़ देखा था, टेस्ट का काग़ज़," तो सारखं म्हणत होता. अर्बाबने कागद मागितला. कागद होता, शिक्क्यासकट. त्यावर तारीखही होती, सहीही होती. अर्बाबने तो नळीशेजारी ठेवला आणि सगळा माल परत न्यायला सांगितलं, चांगला-वाईट सगळा. तो उचलून गाडीत ठेवायला मी मदत केली.

गाडीशी तो मला मराठीत म्हणाला, "तुम्ही मला आधी एकट्याला सांगायचं होतं."

"चहा प्यालो तेव्हा सांगितलं होतं," मी म्हणालो.

तो गाडीत बसला. काच वर केली.

मला एक गोष्ट आजही सुटलेली नाही. दोन माल वेगळे आहेत हे त्याला माहीत होतं. मग त्या दिवशी टेबलावरून त्याने एक नळी उचलली, ठेवली आणि दुसरी दिली, तेव्हा तो हाताने वजन घेत होता की सहज? त्याच्या जागी मी असतो तर मला सहज करता आलं असतं का? तीनेक वर्षांनी मी बायकोला व्हिजिटवर आणलं आणि पावसाळी हवा बघायला सलालाहला गेलो. तिथे एका माडांच्या बागेशी शहाळीवाल्याच्या गर्दीत तो भेटला, बरोबर बायको आणि मुलगी. मुलगी इंग्रजीतच बोलत होती, त्याने तिला 'काकांना नमस्कार कर' म्हटलं, तिने अडखळत केला. बायका बोलत होत्या तेव्हा तो माझ्याजवळ सरकून म्हणाला, "त्या दिवशी मी उचलली ती नळी, ती मुद्दाम नव्हती हं."

मी त्याला काही विचारलं नव्हतं.

"असू दे," मी म्हटलं. आणि वर्कशॉप टाकलं का ते विचारलं. तो म्हणाला, नाही जमलं, आता हॉटेलांना किचनची भांडी पुरवतो. माझी बायको परतताना म्हणाली, किती चांगली माणसं आहेत. मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

अर्बाबने किटांचा नाद सोडला. सुतार गावी गेला, कुडाळला त्याने खुर्च्या-कपाटांचं काम सुरू केलं आहे. मी अजून इथेच आहे. गेल्या महिन्यात एका शाळेतले शिक्षक आले, तरुण, हौशी माणूस. मोबाईलवर कुठल्याशा विक्रेत्याचं ठासणीच्या बंदुकीचं किट दाखवलं. फोटो सुंदर होते, खाली लोकांनी चांगले शेरेही दिले होते. विचारलं, "ये अच्छा है?"

मी म्हटलं, "फोटो अच्छा है. मँगाओ, फिर इधर लाओ. वजन करेंगे, अंदर देखेंगे, बाँध के चलाएँगे. उसके बाद बोलूँगा."

त्यांना ते फार वाटलं. पहिल्याच भेटीत इतका संशय, अशी नजर टाकून त्यांनी मोबाईल खिशात घातला. जाताना मात्र दाराशी थांबून त्यांनी आमची दुकानाची वेळ विचारून घेतली.